नजरेच्या टप्प्यात

४ मे, सकाळी ६.१०

पायलटला लॉगबुक लागतं. तारीख, वेळ, हवामान, काय झालं, सगळं टिपायचं. म्हणून ही वही. बियाणेवाल्या कंपनीची फुकट मिळालेली डायरी आहे, मागच्या वर्षीची, पण वार खोडता येतात. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं: जगदेव, ड्रोन पायलट. आधी 'होणारा ड्रोन पायलट' लिहिणार होतो. मग म्हटलं, दीड महिन्यात खोडावंच लागेल, पुठ्ठा कायले घाण करायचा.

काल बैठक झाली. आमच्या शेतकरी गटाला फवारणीचा ड्रोन मिळणार. उडवायला लायसन्स पाहिजे, लायसन्सला परीक्षा, आणि ट्रेनिंगची सीट एकच. अकोला, १६ जूनची बॅच. अध्यक्ष माणिकराव म्हणाले, जगदेवले पाठवू, त्याले पंपातलं सगळं समजते. बरोबर बोलले. अनसिंगात फवारणी पंप दुरुस्त करणारं दुकान माझंच. ड्रोन म्हणजे तरी काय, उडणारा पंप. आणि खरं सांगायचं तर (इथं खोटं सांगून फायदा काय, वाचणारा मीच) पाठीवरचे पंप आता दोन हंगामांचे पाहुणे आहेत. लायसन्स निघालं नाही तर सेहेचाळिसाव्या वर्षी शटर ओढून घरी बसायचं.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. अकोल्याहून आलेलं परीक्षेचं पुस्तक, रोज पंधरा पानं. चहा दोनच. शुगरच्या गोळ्या परीक्षेपर्यंत बंद. त्या घेतल्या की गळाल्यासारखं होतं आणि पान पुढे सरकत नाही. सहा वर्षं घेतल्या, सहा आठवडे नाही घेतल्या तर काय आभाळ कोसळणार आहे. वैजयंतीला सांगायचं नाही. बायकोला सांगितलं की ती गोळी घेऊन समोर उभी राहते.

५ मे

उठलो पावणेआठला. पण झोप पूर्ण झाली, तीही तयारीच आहे.

आई म्हणाली, पास व्हयेपर्यंत कोनाजवळ बोलू नको बापा, नजर लागते. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण गुप्तता पाळायला हरकत नाही. फक्त स्टँडवरच्या चहावाल्याला सांगितलं, तो पोटात ठेवणारा माणूस आहे. दुपारपर्यंत तीन जणांनी पायलटसाहेब म्हणून हाक मारली. चहा पाच झाले, लोकांनीच पाजले.

७ मे

धडा दुसरा. सगळ्यात मोठा नियम: ड्रोन पूर्ण वेळ उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात पाहिजे. दुर्बीण नाही, स्क्रीनवर पाहून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी. नजरेआड झाला की नियम मोडला. एका वाचनात पाठ. आमच्या घराण्यातच नजर तेज. बाबा ओट्यावर बसून स्टेशनचा सिग्नल पडलेला सांगायचे.

वजनावरून पाच प्रकार. सगळ्यात लहान नॅनो, पाव किलोच्या आतला. त्याला लायसन्स लागत नाही.

पुस्तकाची छपाई फिकट आहे. अकोल्याला गेल्यावर तक्रार करणार.

९ मे, दुपारी ४.१५

महत्त्वाची नोंद. दुकानासमोर उभा होतो. आकाशात एक काळा ठिपका, उजवीकडे, जरा वर. घार नाही. घार गोल फिरते, हा मी पाहीन तिकडे सरकतो. कोणीतरी अनसिंगवर ड्रोन उडवून राह्यला. उंची अंदाजे तीनशे फूट. आवाज नाही, म्हणजे महागातला.

चहावाल्याला दाखवला. त्याला दिसला नाही. लोकांना वर पाहायची सवयच नाही.

१० मे, सकाळी ११.२०

पुन्हा. तीच जागा.

१३ मे

विचार करून नाव काढलं: हेमसिंग. पोहरादेवीच्या अलीकडे त्याचा तांडा. त्यानं मागच्या वर्षीच लायसन्स काढलं, स्वतःचा छोटा ड्रोन आहे. माणिकराव त्या बैठकीत हसत म्हणाले होते, जगदेवचं नाई जमलं तर हेमसिंगले बोलावू. म्हणजे मी नापास झालो तर फायदा कोणाचा? आणि हाच माणूस परवा फोन करून म्हणतो, जगदेवभाऊ, या रविवारी मंगरूळपीरले, मी तुमाले माह्या ड्रोनवर हात बसवून देतो, पैसे नाई घेत. आजच्या जमान्यात कोण कोणाला फुकट शिकवतं.

जाणार आहे. शत्रूचा ड्रोन जवळून पाहिलेला बरा.

१८ मे

मंगरूळपीरला जायला निघालो आणि मानोऱ्याच्या बसमध्ये बसलो. पाटीवर दोन्हीकडे म असतो, माणसानं काय समजायचं. अर्ध्या वाटेत उतरलो. तासभर उशिरा पोहोचलो, हेमसिंग पडीक वावरात उन्हात उभा होता. काही बोलला नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

उडवण्यात अवघड असं काही नाही. एकच गोम आहे. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की त्याचा डावा आपला उजवा होतो. हेमसिंगनं आठचा आकडा काढून दाखवला. मग मला दिला. वर नेला, पुढे नेला, आणि तेवढ्यात तो ठिपका नेमका मधे आला. आता दोन ठिपके. कोणता माझा ते कळायच्या आत हेमसिंग ओरडत होता, तार, जगदेवभाऊ, तार. मी डावीकडे घेतला. ड्रोन विजेच्या तारेत गेला आणि खाली पडला. वावराच्या कडेला एक बाई शेळ्या घेऊन उभी होती, तिच्यापासून चार हातांवर.

जीपीएसचा दोष. उन्हात जीपीएस भरकटतो.

हेमसिंगनं तुकडे पिशवीत गोळा केले. मग विचारलं, भाऊ, तुमाले तार दिसली नाई का? दिसली होती, मी म्हणालो. त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही, ऊन फार होतं.

१९ मे

त्या बाईचं राहून राहून आठवतं. शेळी तरी हलली, ती हललीच नाही.

२० मे

प्रयोग केला. उजवा डोळा मिटला की ड्रोन गायब. उघडला की हजर. म्हणजे तो पलीकडून कॅमेऱ्यात माझ्यावर लक्ष ठेवून आहे. मी डोळा मिटला की आडोशाला जातो. इतकी तयारी माझ्या पुस्तकातही नाही.

२२ मे, दुपारी १

न्हाणीघरात. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर. पाटाएवढ्या खिडकीतून आत आला.

नॅनो आहे. पाव किलोच्या आतला. त्याला लायसन्स लागत नाही, म्हणजे कायद्यानं हेमसिंगला धरता येत नाही. माणूस हुशार आहे.

२४ मे

पुस्तक आता वैजयंती वाचून दाखवते. मला ऐकून लवकर पाठ होतं, शाळेपासून. ती बारावी झालेली आहे, वाचते बरी. मधेच थांबून विचारते, ग्रीन झोनमधे किती उंच जाता येते, सांगा. मी म्हणतो, वाच तू पुढे. ती स्वतःच सांगते, चारशे फूट.

आज विचारत होती, तुमी गोळी घेता ना रोज? घेतो म्हटलं. तिनं डबी बघितली तरी चोरी पकडली जाणार नाही, मी रोज एक काढून मोरीत टाकतो. पायलटला पुढचं दिसलं पाहिजे.

चहा बशीच्या बाहेर सांडतो. नवीन कपांचा आकार चुकीचा आहे.

२७ मे

उंबऱ्याला ठेच लागली. तिसऱ्यांदा. जन्मापासून तोच उंबरा.

आईनं नजर काढली. मी नाही नाही म्हणत होतो, पण म्हातारीचं मन. मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या जळाल्या, धूर झाला, पण घरात एकालाही ठसका आला नाही. आई खालीच बसली. म्हणाली, पाह्य, ठसका नाई आला, लय जबर नजर हाय, कोन्या काळ्या डोळ्याची लागली रे माह्या लेकराले. आता रोज काढीन.

मी मानत नाही. पण ठसका आला नाही हे मी स्वतः पाहिलं. हेमसिंगचे डोळे काळेच आहेत.

२९ मे

लिंबू-मिरची आणली. एक दुकानाला, एक पुस्तकाला. पुस्तक उघडायला अडचण होते, पण वाचायचं वैजयंतीलाच असतं.

३१ मे

सराव परीक्षा. वीस प्रश्न वैजयंतीनं वाचले, मी उत्तरं दिली. सात बरोबर. मग मी म्हटलं तू दे. तिचे अठरा. तिला टेन्शन नाही ना, म्हणून. ज्याच्या डोक्यावर गाव आहे त्याचे सातच येणार.

२ जून

एका शेतकऱ्याचा पंप परत आला. नॉझल उलटं बसवलं होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. दुकानात उजेड कमी पडतो. तो म्हणाला, बल्ब तर लागून हाय ना जगदेवभाऊ. पंप घेऊन गेला, वाशिमला दाखवतो म्हणाला.

शटर लवकर ओढलं. थोडा वेळ आतच बसून राहिलो. काही नाही, उकडत होतं.

३ जून

लेखी तक्रार माणिकरावांच्या हातात दिली. विषय: हेमसिंग यांच्याकडून ड्रोनद्वारे होणारा पाठलाग. ठिकाणं, तारखा, वेळा, अंदाजे उंची, सगळं लॉगबुकवरून. माणिकराव म्हणाले, अक्षर असं काहून झालं रे तुयं, एकावर एक? घाईत लिहिलं, म्हटलं. मग त्यांना अंगणात नेऊन ठिपका दाखवला. दहा मिनिटं मान वर करून उभे राहिले. मले तर काईच नाई दिसत, म्हणाले. मी म्हटलं, तो पाहा, तो सरकला. माणिकरावांनी आभाळाकडे पाहणं सोडलं आणि माझ्याकडेच पाहत राहिले.

४ जून

हेमसिंगचा फोन. रागावेल वाटलं होतं, तो हळूच बोलला. जगदेवभाऊ, माहा ड्रोन तुमीच तारेत घातला. थ्या दिवसापासून तुकडे डब्यात पडून हायेत. कायच्यानं पाठलाग करू मी तुमचा?

दुसरा असेल त्याच्याकडे.

मग म्हणाला, तुमी वाशिमले जाऊन डोळे दाखवा. त्याला काय करायचं माझ्या डोळ्यांशी. फोन ठेवला.

८ जून

एकाचे पाच झाले. बारीक बारीक. त्यांच्यामागे काळा धागा लोंबतो, कोळिष्टकासारखा. एका वेळी अनेक ड्रोन उडवणे, धडा नववा. कोणा एकट्याचं काम नाही हे. मोठी टोळी आहे.

आई रोज नजर काढते. ठसका अजून नाही.

९ जून

वैजयंतीनं मोरीच्या जाळीत अडकलेल्या गोळ्या पाहिल्या. अर्धवट विरघळलेल्या, ओंजळभर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या गोळ्या तिनं ताटात ठेवल्या, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, जेवा.

१० जून

गोळ्या सुरू केल्या. तिच्या समाधानासाठी. बॅचला सहा दिवस राहिले. संकल्प: उरलेले धडे दोन दिवसांत, मग फक्त उजळणी.

१२ जून, सकाळी ६

आकाश लाल. वैजयंतीला विचारलं, कुठे आग लागली का. ती म्हणाली, कायची आग, आभाळ भरून आलं हाय. दूध पाहिलं. लाल. आईचं पांढरं लुगडं, लाल.

उजवा डोळा मिटला: सगळं जसंच्या तसं. उघडला: लाल. दहा वेळा केलं.

हेमसिंगचा यात काही संबंध दिसत नाही.

१२ जून, सकाळी ९

घाबरण्यासारखं काही नाही. ट्रेनिंगला मेडिकल सर्टिफिकेट लागतंच, त्या निमित्तानं वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. वैजयंती बरोबर येते म्हणते. येऊ दे. तक्त्यावरची अक्षरं सगळीकडे सारखीच असतात, बाहेर बाकावर बसलं की आतल्या पेशंटचं ऐकू येतं. एकदा ऐकलं की माझं पाठ.

१३ जून

काल वाशिमहून आल्यावर लिहिलं नाही. औषध टाकून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, रात्रीपर्यंत सगळं धूसर.

तक्ता पाठ होता. खुर्चीवर बसलो, डावा डोळा झाकला, आणि वरून खालपर्यंत धडाधड सात ओळी म्हणून दाखवल्या. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, मी अजून दिवा लावलाच नाही. वैजयंती मागे उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही.

मग बाईंनी डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. स्क्रीनला नाक लावून डाव्या डोळ्यानं पाहिला. गोल, शेंदरी, त्यात ओढ्या-नाल्यांसारख्या रेघा. वरून काढलेल्या नकाशासारखा. आणि त्यावर सांडल्यासारखं लाल. मी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, रक्त. साखरेनं आतल्या बारीक शिरा फुटल्यात. उजव्यात बरंच झालंय, डाव्यात सुरुवात आहे. ठिपके दिसत होते का? कधीपासून?

मी पिशवीतून लॉगबुक काढलं. नऊ मे, दुपारी सव्वाचार.

बाई वही चाळत राहिल्या. म्हणाल्या, इतकी नेमकी तारीख-वेळ मला आजवर एकाही पेशंटनं दिलेली नाही. पहिल्या आठवड्यात आला असता तर पुष्कळ वाचवता आलं असतं. एवढं सगळं टिपत होता, मग आला का नाहीत?

वैजयंतीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती वहीकडे पाहत होती.

१४ जून

आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. म्हटलं, आई, नजर लागली नव्हती. नजरच चाललीय. उजवी बहुतेक गेली. ती निखारे फुलवत होती, मिरच्या हातात होत्या. मग म्हणाली, मी रोज तुयी नजर काढून राह्यली होती रे बापा. माह्याच हातानं काढून टाकली का काय मी.

तिला समजावलं. समजली नाही. मला रडू आलं, तिच्यासमोरच.

मिरच्या तिनं चुलीतच टाकल्या. सगळ्यांना ठसका आला. मग कळलं, परवापर्यंतच्या मिरच्या दोन वर्षांपूर्वीच्या होत्या, सादळलेल्या.

१५ जून

माणिकराव घरी आले. सीट वाया जाऊ नये म्हणाले. मी म्हटलं, हेमसिंग. ते म्हणाले, त्याले लायसन्स हाय, त्याले कायचं ट्रेनिंग. गावातलंच कोनी पाह्यजे, ज्याले पुस्तक येते. आतून वैजयंती चहा घेऊन आली. माझा बिनसाखरेचा.

१६ जून

सहाच्या गाडीनं वैजयंती अकोल्याला गेली. पुस्तकाची लिंबू-मिरची सोडून माझ्या हातात दिली.

१२ जुलै

स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहितोय. पानावर थोड्याच ओळी बसतात.

लेझर दोनदा झालं. डावा राखता येईल म्हणतात. उजव्याचं काही बोलत नाहीत. गोळी आई देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते.

वैजयंतीचं लायसन्स आलं. आज गटाच्या ड्रोनचं पहिलं उड्डाण, माणिकरावांच्या वावरात, टाकीत नुसतं पाणी. हेमसिंगही आला होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या भाऊ, मले वाटलंच होतं. काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही.

मला वावराच्या कडेला, धुऱ्यावर खुर्ची दिली. निरीक्षक म्हणून. मान म्हणून दिली हे मला कळलं. निरीक्षकाचं काम एकच, धडा सहावा: ड्रोनवर नजर ठेवायची आणि पायलटनं विचारलं की खरं सांगायचं.

ड्रोन उठला. आवाज मोठा होता, मग नाल्याकडे गेला, मग बारीक झाला. मी तिकडेच तोंड करून बसलो होतो. आभाळात ठिपके पुष्कळ होते. वैजयंतीनं मान न वळवता विचारलं, दिसून राह्यला का तुमाले?

हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

नाही, म्हणालो.

बरं, ती म्हणाली. ड्रोन परत आणून खाली उतरवला. मग हेमसिंगला म्हणाली, भाऊ, तुमी बसा खुर्चीवर. मी उठलो आणि बॅटऱ्यांच्या पेटीजवळ जाऊन बसलो.